आत शिरलेलं पाणी : जुनी शिडाची डिंगी पारखताना

जुन्या होडीच्या जाहिरातीत तीन वाक्यं हमखास असतात : 'कंडिशन उत्तम', 'थोडं किरकोळ काम आहे' आणि 'वेळ मिळत नाही म्हणून विकायची आहे'. यातलं तिसरं बहुतेक वेळा खरं असतं. पहिल्या दोहोंची शहानिशा कशी करायची, हा या पुस्तिकेचा विषय.

पुस्तिका लहान आहे, कारण होडीही लहानच आहे. इंजिन नाही, केबिन नाही, एक किंवा दोन माणसं बसतील एवढी जागा, आणि खेळ आटोपला की दोघातिघांनी ट्रॉलीवर चढवून किनाऱ्यावर ओढून न्यायची. बंदरात कायम नांगरून ठेवलेल्या मोठ्या यॉटचे आजार वेगळे, ते तपासणारे सर्व्हेअर वेगळे आणि त्यांची बिलंही वेगळी. डिंगीसाठी सर्व्हेअर बोलावला तर त्याच्या फीमध्ये अर्धं शीड येईल. त्यामुळे घेणाऱ्यानंच गुडघे टेकून, प्रसंगी ट्रॉलीखाली आडवं होऊन, झाकणात हात घालून पाहावं लागतं. बहुतेक जण हे करत नाहीत. विकणारा शेजारी उभा असतो, त्यानं चहा मागवलेला असतो, आणि इतकं उकरून पाहणं बरं दिसत नाही असं वाटतं. हा भिडस्तपणा फार महागात पडतो.

आपल्याकडे हा खेळ तसा जुना आहे. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा, पुण्याचा रॉयल कनॉट बोट क्लब 1868 चा. 1982 च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवलं. 2021 मध्ये टोकियोला नेत्रा कुमनन लेझर रेडियल वर्गात उतरली. शिडाच्या शर्यतींसाठी ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय स्त्री. एवढं सगळं असूनही हा खेळ बराच काळ क्लबचे सभासद आणि फौजेतली माणसं यांच्यातच राहिला. होडी क्लबची, दुरुस्ती क्लबच्या माणसाची, आपण फक्त शीड चढवायचं. स्वतःच्या पैशानं डिंगी घेणारा, ती घराजवळच्या जलाशयावर किंवा खाडीत नेणारा मराठी माणूस हा अलीकडचा. कोळ्याच्या, गाबिताच्या घरात होडी पारखायला पुस्तक लागत नाही, कारण आजा होडीवर होता. या नव्या गिऱ्हाइकाला मात्र सांगणारं घरात कुणी नाही, आणि नवी होडी घ्यायची तर परदेशी किंमत, जहाजाचं भाडं आणि जकात मिळून आकडा असा होतो की तो वापरलेल्या होडीकडेच वळतो. वळावंच. चांगली राखलेली जुनी डिंगी नवख्यासाठी नव्यापेक्षा बरी. पहिल्या मोसमात ती खडकाला, धक्क्याला आणि दुसऱ्याच्या होडीला लागणारच आहे.

पारखायचं काय, याच्या लांबलचक याद्या पुढच्या प्रकरणांत आहेत. त्या वाचताना वाचक दमू नये म्हणून सगळ्यांच्या मुळाशी असलेला एकच प्रश्न इथे सांगून टाकतो. जिथे पाणी जायला नको तिथे ते गेलं आहे का? डिंगीचं वय सालांत मोजण्यात फारसा अर्थ नाही. वीस वर्षांची कोरडी होडी पाच वर्षांच्या ओल्या होडीपेक्षा तरुण असते. रंग उडाला तर देता येतो, दोर बदलता येतात, शीड नवं शिवून घेता येतं. आत मुरलेलं पाणी काढणं मात्र फार जिकिरीचं, आणि मुंबईच्या दमट हवेत तर जवळजवळ अशक्य.

पाणी मुरतं कुठे, हे समजायला होडीचं अंग कसं बनतं ते माहीत हवं. आज मिळणाऱ्या बहुतेक डिंग्या फायबरच्या, म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड रेझिनमध्ये भिजवून साच्यात थरावर थर देऊन केलेल्या. वरचा चकचकीत थर जेलकोटचा. वजन न वाढवता ताठपणा यावा म्हणून डेकच्या भागात दोन थरांच्या मध्ये फोम घातलेला असतो. कुठे तरी स्क्रू सैल होतो, भोकातून पाणी शिरतं, फोम ओला होतो आणि वर-खालचे थर त्यापासून सुटू लागतात. वरून काही दिसत नाही. होडी तरंगते, चालतेही. फक्त ती जड होते, डेक पायाखाली दबू लागतो आणि वाऱ्यात होडीचं अंग पिळवटतं.

म्हणून पहिली तपासणी वजनाची. याबाबत मी हट्टी आहे. होडी पाहायला जाताना वजनकाटा घेऊन जा. प्रत्येक वर्गाच्या होडीचं वजन ठरलेलं असतं : मुलांच्या ऑप्टिमिस्टचं अंग 35 किलोचं, लेझरचं सुमारे 59, दोन माणसांच्या एंटरप्राइझचं नव्वदीच्या घरात. ऑप्टिमिस्ट दोन पट्टे बांधून टांगत्या काट्यावर सहज तोलता येते. लेझरसाठी घरातले दोन वजनकाटे पुढे-मागे ठेवून त्यावर फळी आणि फळीवर होडी ठेवायची, दोन्ही आकड्यांची बेरीज करायची आणि फळीचं वजन वजा करायचं. आतलं सामान, दोर, कप्प्या सगळं आधी बाहेर काढा. एक-दोन किलोचा फरक जुन्या दुरुस्त्यांचा समजा. पाच-सहा किलो जास्त भरले तर कारण विचारा. दहा किलो जास्त असतील तर चहा प्या, आभार माना आणि घरी या. वजनकाटा पाहून विकणाऱ्याचा चेहरा उतरला, तरीही.

दुसरी तपासणी तळहाताची आणि नाण्याची. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना, जिथे खेळाडू बसतो आणि होडी उलटल्यावर पुन्हा चढताना गुडघे टेकतो, तिथे तळहात दाबत जा. घट्ट डेक दबत नाही. दबून कुरकुर आवाज आला तर थर सुटले आहेत. मग पाच रुपयांचं नाणं घ्या आणि त्याच्या कडेनं टकटक करत पुढे सरका. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी भद्द. आवाज जिथे बदलतो तिथे पेन्सिलीनं खूण करा. तळहाताएवढा तुकडा असेल तर रेझिन टोचून बसवता येतो. पुढच्या डेकपासून मागच्या फळीपर्यंत भद्द आवाज येत असेल तर तो डेक आता फक्त रंगाच्या भरवशावर आहे.

जेलकोटवरच्या भेगा पाहून लोक उगाच घाबरतात. वापरलेल्या होडीवर चरे असायचेच. पाहायचं ते भेगांच्या आकाराकडे. एका बिंदूपासून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे टक्कर झाली आहे. आतून हात लावून तंतू तुटले का पाहा. एखाद्या फिटिंगभोवती वर्तुळात किंवा समांतर रेषांत भेगा असतील तर तिथे वारंवार ताण येतो आहे, म्हणजे आतला आधार कमकुवत. ही दुसरी तऱ्हा जास्त वाईट. आणि फायबरच्या डिंगीच्या संपूर्ण तळाला ताजा रंग दिलेला दिसला तर सरळ विचारा, का दिला? किनाऱ्यावर राहणाऱ्या फायबरच्या डिंगीला रंगाची गरज क्वचित पडते. रंगाखाली दुरुस्ती असू शकते. दुरुस्ती असणं हा दोष नाही, ती लपवणं हा दोष आहे.

आता लेझरबद्दल थोडं सविस्तर, कारण जुन्या बाजारात पहिल्यांदा घेणाऱ्याच्या नजरेला हीच सर्वांत जास्त पडेल. कॅनडातल्या ब्रूस कर्बी यांनी हिचा आराखडा काढला, 1971 मध्ये ती बाजारात आली, आणि आजवर जगभरात दोन लाखांहून जास्त बनल्या. 1996 पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. नाव आता आयएलसीए झालं असलं तरी क्लबात सगळे लेझरच म्हणतात. हिची खुबी अशी की अंग एकच, आणि डोलकाठीचा खालचा भाग व शीड बदललं की तीच होडी तीन वजनांच्या माणसांना चालते : मोठं शीड 7.06 चौरस मीटरचं, मधलं 5.7 च्या आसपास, लहान 4.7. बापाची होडी लेकीला देता येते.

लेझरच्या डोलकाठीला तारांचा आधार नाही. डेकमधल्या एका नळकांड्यात ती खोचली की झालं. वाऱ्याचा सगळा जोर त्या नळकांड्यावर, आणि नळकांडं खाली होडीच्या तळाला ज्या जोडानं चिकटवलेलं असतं त्या जोडावर. लेझर मरते ती इथे. जोड सुटला की एखाद्या जोरकस वाऱ्यात डोलकाठी डेक फाडून बाहेर येते. तपासणी सोपी आहे आणि तिला फक्त एक बादली पाणी लागतं. ट्रॉलीवर होडी सपाट ठेवा. टॉर्च लावून नळकांड्याच्या तळाशी पाहा. वाळूचे कण आणि डोलकाठीची घासाघीस यांनी तळ खरवडून पांढरे तंतू दिसत असतील तर खूणगाठ बांधा. मग नळकांडं काठोकाठ भरा, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीची खूण करा आणि अर्धा तास दुसरं काही तपासा. परत आल्यावर पाणी खुणेवरच हवं. बोटभर उतरलं असेल तर ते होडीच्या पोटात गेलं, आणि तुम्ही येण्याआधी समुद्राचंही जात होतं. त्यानंतर नळकांडं रिकामं करून डोलकाठीचा खालचा अर्धा भाग खोचा, एकाला तो पुढे-मागे ढकलायला सांगा आणि स्वतः नळकांड्याच्या तोंडाजवळ डेकवर हात ठेवा. डेक हाताखाली हलला किंवा आतून करकर ऐकू आली तर जोड गेला आहे.

हा जोड दुरुस्त होतो. डेकला हात जाईल एवढं गोल भोक पाडून आतून नवे थर द्यायचे आणि भोकावर स्क्रूचं झाकण बसवायचं. जुन्या लेझरवर असं झाकण दिसलं की नवखे लोक बिचकतात. मला उलट बरं वाटतं, कारण आत पाहायला खिडकी मिळते. झाकण उघडा, नाक जवळ न्या. कोरड्या होडीच्या पोटात फायबरचा किंचित उग्र वास असतो. कुबट, बंद माठासारखा वास आला तर आत ओल आहे. हात घालून फोमचे ठोकळे दाबा, बोटं ओली होतात का पाहा. आणि हे झाकण केव्हा, कशासाठी बसवलं ते मालकाला विचारा. नीट उत्तर देणारा मालक हा होडीइतकाच महत्त्वाचा ऐवज आहे.

एंटरप्राइझची गोष्ट वेगळी. जॅक होल्ट या इंग्लिश आरेखकाची ही 1956 ची होडी, निळ्या शिडांची, चार मीटरपेक्षा जराशी लांब, दोन माणसांची. घरच्या घरी प्लायवूडमधून बांधता यावी म्हणूनच तिचा तळ कोनाकोनांत मोडलेला. न्यूज क्रॉनिकल या वृत्तपत्रानं ती लोकांपुढे आणली. 1982 च्या एशियाडमध्ये तिचाही वर्ग होता, आणि मुंबईच्या बंदरात ती अनेक वर्षं धावली. त्यामुळे जुन्या लाकडी एंटरप्राइझ अधूनमधून विक्रीला येतात, बऱ्याचदा इतक्या स्वस्त की मोह आवरत नाही.

लाकडी होडीबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा. धातूला खारं पाणी वाईट आणि लाकडाला गोडं. मीठ मुरलेल्या लाकडात कुजवणारी बुरशी सहजासहजी धरत नाही. पावसाचं किंवा धरणाचं पाणी साचून राहिलं की धरते. खडकवासल्याला वापरलेल्या होडीचे स्क्रू चकाकत असतील, पण तिच्या कोपऱ्यांत लाकूड मऊ असू शकतं. मुंबईच्या होडीचं लाकूड टणक आणि फिटिंग गंजलेली, असंही दिसेल. लाकडी होडी घेताना मी मुंबईची आधी पाहीन, फिटिंग बदलता येतात.

लाकूड तपासायला बारीक स्क्रूड्रायव्हर पुरे, मालकाची परवानगी घेऊन. जिथे पाणी साचतं आणि वारा लागत नाही तिथे टोचायचं : मागच्या फळीचे खालचे कोपरे, पुढच्या डेकच्या खालची बाजू, डोलकाठीचा पाया आणि सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या, पेटीचा तळाशी असलेला जोड. टोक अडलं तर ठीक, लोण्यात जावं तसं गेलं तर लाकूड कुजलं आहे. व्हार्निशखाली काळे डाग दिसले तर व्हार्निशला तडा जाऊन पाणी आत गेल्याची ती खूण. तो भाग नुसता काळवंडलेला असेल तर खरवडून, वाळवून पुन्हा व्हार्निश करता येतं. सेंटरबोर्डच्या पेटीची गळती मात्र हसण्यावारी नेऊ नका. पेटी होडीच्या मधोमध, कण्यावर बसलेली असते. ती काढून पुन्हा बसवणं म्हणजे अर्धी होडी पुन्हा बांधणं, आणि ते करू शकणारा सुतार मिळाला तर त्याचे पाय धरावेत अशी परिस्थिती आहे.

उघड्या होडीचा मुंबईतला मोठा वैरी म्हणजे पावसाळा, आणि तोही होडी पाण्यात असताना नव्हे, किनाऱ्यावर असताना. जून ते सप्टेंबर होड्या ताडपत्रीखाली पडून असतात. ताडपत्री फाटली आणि बूच काढून ठेवलेलं नसेल तर काय होतं, याचा हिशेब करून पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. मुंबईत एका रात्रीत 100 मिलिमीटर पडणं काही नवलाचं नाही. एंटरप्राइझच्या पोटात सकाळपर्यंत तीन-चारशे लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो, ट्रॉलीच्या दोन आधारांवर पेललेले. फायबरचा तळ तिथे खोलगट होतो, लाकडाचा तडकतो. म्हणून होडी उलटी करून तळाच्या रेषेत डोळा लावून पाहा आणि हात फिरवा. आधारांच्या जागी खळगे लागले तर होडीनं निदान एक पावसाळा असा काढला आहे. ऑक्टोबरात, मोसम उघडताना, गिऱ्हाइकांची झुंबड असते आणि होड्या धुऊन पुसून मांडलेल्या असतात. मी मेअखेर घ्या म्हणेन : मालकाला चार महिने होडी सांभाळण्याचा कंटाळा आलेला असतो, होडी नुकतीच पाण्यातून आलेली असते आणि तिनं मोसमभर काय सोसलं ते झाकायला अजून वेळ मिळालेला नसतो. मात्र मग पावसाळ्यात ती कुठे ठेवायची, याची सोय आधी पाहा.

जीव ज्याच्यावर अवलंबून आहे ते म्हणजे हवेचे कप्पे. डिंगी उलटते, उलटण्यासाठीच असते म्हणा. उलटल्यावर तरंगती राहिली पाहिजे. जुन्या होड्यांत हवेच्या पिशव्या असतात, नव्यांत अंगातच बंद टाक्या. पिशव्या फुगवून रात्रभर ठेवा आणि त्यांना धरून ठेवणारे पट्टे ओढून पाहा. पट्टा सुटला तर पिशवी वर तरंगते आणि होडी खाली जाते. टाक्यांसाठी बुचाच्या भोकातून तोंडानं हळूच हवा भरायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तिथे गळती. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी चुकूनही लावू नका. त्या दाबानं चांगली टाकी फाटते.

डोलकाठी जमिनीवर आडवी ठेवा आणि बुंध्याकडून बंदुकीचा नेम धरावा तसं पाहा. वाक लगेच कळतो. अॅल्युमिनियमच्या काठीला स्टेनलेस स्टीलची फिटिंग रिव्हेट करून बसवलेली असतात, आणि या दोन धातूंमध्ये खारं पाणी आलं की अॅल्युमिनियम झिजतं. फिटिंगच्या कडेनं पांढरी भुकटी किंवा फोड दिसतात. थोडी भुकटी सगळीकडेच असते. नखानं उकरल्यावर खड्डा लागला तर काठी तिथेच मोडणार. लेझरच्या काठीच्या वरच्या भागात, जोडापाशी असलेला रिव्हेट खास पाहा. एंटरप्राइझच्या तारांवरून सुती चिंधी फिरवा. तुटलेला एक जरी धागा असेल तरी चिंधी अडकते. बोटानं पाहू नका, रक्त निघतं. तारा स्वस्त आहेत. शंका आली की बदला. सुकाणूच्या बिजागऱ्या धरून हलवून पाहा. सुकाणू नुसतंच खडखडत असेल तर बुश बदलावे लागतील. मागची फळीच हलत असेल तर पुन्हा तोच प्रश्न, आत पाणी गेलं आहे का.

शिडाबद्दल मतभेद आहेत. माझं मत सांगतो : जुन्या होडीबरोबर आलेल्या शिडाला शून्य किंमत द्या, चांगलं निघालं तर नशीब. शीड ही झिजणारी वस्तू आहे आणि आपल्या उन्हात ती फार लवकर झिजते. शिडाचं नवं डेक्रॉन कापड हाताळलं की कडकडतं. जुनं धोतरासारखं मऊ पडतं. ते सूर्याकडे धरा, शिवणीच्या भोकांतून उजेड किती येतो पाहा, आणि शिवणीवर नख ओढा. धागा तुटला तर पुन्हा शिवण मारून एक मोसम निघेल. कापडच नखानं फाटलं तर त्याची पिशवी शिवा. आणखी एक : लेझरसाठी बाजारात नकली शिडं मिळतात, अधिकृत शिडापेक्षा बरीच स्वस्त. शिकायला उत्तम. वर्गाच्या शर्यतीत चालत नाहीत. विकणाऱ्यानं 'नवीन शीड' म्हटलं तर कोणतं, ते बघून घ्या.

ट्रॉली गंजलेली असणारच. चाकं फिरतात का आणि ती होडीबरोबर येते का, एवढं विचारा.

कागदपत्रांचा भाग छोटा आहे, पण टाळू नका. अंगावरचा नंबर, शिडावरचा नंबर आणि मापन प्रमाणपत्र असेल तर त्यावरचा नंबर जुळतात का पाहा. परदेशातून आणलेली असेल तर कस्टमचे कागद मागा. क्लबात ठेवलेली असेल तर जागेचं भाडं थकलं नाही ना, हे क्लबच्या ऑफिसात जाऊन स्वतः विचारा. आणि नंबर घालून केलेली विक्रीची साधी पावती, दोघांच्या सह्यांची, दोस्तीखात्यातही घ्या.

मुलांसाठी होडी शोधणाऱ्या आईबाबांना दोन शब्द वेगळे. ऑप्टिमिस्ट ही 1947 मध्ये क्लार्क मिल्स यांनी फ्लोरिडात मुलांसाठी काढलेली पेटीसारखी होडी, आणि तिच्या वर्गात 15 वर्षांपर्यंतच खेळता येतं. मूल दहाचं असताना 'पुढे कामाला येईल' म्हणून लेझर घेऊन ठेवणारे पालक मी पाहिलेत. शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे लागू पडत नाही. मोठ्या होडीला घाबरलेलं मूल पाण्याकडे पाठ फिरवतं. ऑप्टिमिस्ट घ्या, मूल वाढलं की विका. तिन्ही हवेच्या पिशव्या आणि डोलकाठीचा पाया तपासला की बाकी तिच्यात बिघडण्यासारखं थोडंच असतं.

वर्ग निवडतानाही हीच व्यावहारिक दृष्टी ठेवा. पदक मिळवून देणाऱ्या फायरबॉलसारख्या सुंदर होडीचा सांगाडा मातीमोल भावात मिळाला तरी आधी विचारा : सुटे भाग कुठून आणणार, आणि रविवारी सोबत कोण धावणार? एकट्यानं शर्यत होत नाही. तुमच्या पाण्यावर ज्या वर्गाच्या चार होड्या आहेत, त्या वर्गाची पाचवी घ्या.

सगळं तपासून झालं की पाण्यात घाला. अर्धा तास चालवा, मग मुद्दाम उलटवा. आडवी पडलेली होडी दोन्ही टोकांना सारखी तरंगते का, सरळ केल्यावर एका बाजूला झुकते का? झुकली तर त्या बाजूची टाकी गळते. किनाऱ्यावर आणून बूच काढा आणि खाली मग धरा. मगभर पाणी जुन्या होडीला माफ. बादली भरली तर भाव पाडा, किंवा सोडून द्या. पाण्यात घालायला नकार देणाऱ्याकडून घेऊ नका, त्यानं कितीही सबळ कारण दिलं तरी.

या पुस्तिकेत किमती दिलेल्या नाहीत. छापून येईपर्यंत त्या बदलतात, आणि आकडा वाचला की माणूस होडीऐवजी आकडाच तपासायला लागतो. हिशेब मात्र असा करा : चांगलं अंग, सरळ डोलकाठी आणि गळत नसलेले कप्पे यांचे पैसे द्या. शीड, दोर, तारा, कप्प्या, बूच आणि ट्रॉली यांचा नव्यानं येणारा खर्च कागदावर मांडा आणि तो मालकाला दाखवून वजा करा. प्रामाणिक मालक हा कागद पाहून रागावत नाहीत. काही जण तर तुम्हाला ठाऊक नसलेली एखादी दुरुस्ती त्यात भरून देतात.

शेवटी एक विनंती, वाचकांपेक्षा क्लबांना आणि होड्या असलेल्यांना. प्रत्येक क्लबानं धक्क्यावर एक वजनकाटा ठेवावा आणि दर मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येक डिंगी त्यावर तोलून आकडा एका वहीत लिहावा. कुठे ठोकर बसली, कुठे थर दिले, तार कधी बदलली, हेही त्याच पानावर. होडी विकली की ते पान नव्या मालकाला द्यावं. खर्च एका वहीचा आहे. तोवर घेणाऱ्यांनी आपापला काटा घेऊन जावं.